बंब शहराचा, पगाराचा निर्णय मुंबईचा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा अर्धं कोल्हापूर खासबागेच्या दिशेनं धावलं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती, आणि डोळ्यांदेखत छत खाली येतंय. त्या गर्दीत जो तो एकच विचारत होता, बंब आला का? बंबावरच्या माणसाला पगार कोण देतं, हे अशा वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. येऊही नये.

पण महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून एक छोटी बातमी अधूनमधून येत असते. अग्निशमन कर्मचारी काळ्या फिती लावून कामावर, वेतनातली तफावत दूर करण्याची मागणी, संपाचा इशारा. आपण ती वाचतो, पान उलटतो, आणि गोंधळ तसाच राहतो. परवा रंकाळ्यावर फिरताना एका मित्रानं मला सरळच विचारलं, "आयुक्त देत का नाहीत रं वाढवून? सही तर त्यांचीच हाय की."

सही त्यांचीच असते, खरं आहे. पण त्या सहीपर्यंत कागद येण्याआधी काय काय ठरून गेलेलं असतं ते पाहिलं, तर भांडण आयुक्त आणि फायरमन या दोघांत आहे असं वाटेनासं होतं.

पोलीस राज्याचा, बंब महापालिकेचा

रात्री दोन वाजता कावळा नाक्यावर ट्रक उलटला आणि टाकीला आग लागली असं समजा. दोन गणवेश तिथं पोहोचतात. एक पोलीस शिपाई, दुसरा फायरमन. बघणाऱ्याला दोघंही 'सरकारी माणसं'. पण दोघांचा मालक वेगळा आहे.

पोलीस हा राज्याचा विषय. राज्यघटनेनंच तसं वाटून दिलंय. पोलिसाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, मग तो मुंबईत असो वा शाहूवाडीत. अग्निशमनाचं तसं नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी केली, तिच्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. त्याआधीपासूनच, महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कलम ६३ खाली अग्निशमन दल ठेवणं हे बंधनकारक काम आहे. बंधनकारक म्हणजे पैसे असोत वा नसोत, करायचंच. बाग फुलवणं ऐच्छिक आहे, बंब ठेवणं नाही.

म्हणजे कोल्हापूरच्या फायरमनचा मालक कोल्हापूर महापालिका, आणि त्याचा पगार तुमच्या-आमच्या घरफाळ्याच्या पैशातून.

आता पगाराकडे बघू. सातव्या वेतन आयोगानंतर राज्यात प्रत्येक पदाला एक 'स्तर' मिळाला. स्तर म्हणजे पगाराच्या शिडीवरची पायरी, सुरुवातीची आणि शेवटची रक्कम ठरलेली. पोलीस शिपाई सातव्या स्तरावर, २१,७०० ते ६९,१०० रुपये. बऱ्याच महापालिकांच्या भरतीच्या जाहिराती काढून बघा, फायरमन सहाव्या स्तरावर दिसतो, १९,९०० ते ६३,२००. फरक १,८०० रुपयांचा. ऐकायला किरकोळ आहे. पण हे मूळ वेतन झालं. महागाई भत्ता आणि घरभाडं मूळ वेतनाच्या टक्केवारीवर निघतं, वार्षिक वाढही त्याच्यावरच, म्हणून पहिल्या दिवसाचा हा फरक पुढं तीस वर्षं वाढत जातो. निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही.

शिवाय पोलिसाला महागाई भत्ता वाढल्याचा आदेश निघाला की तो मिळतो. महापालिकेच्या माणसाला आधी शासनाचा आदेश, मग महापालिकेची मंजुरी, मग लेखा विभागाची तरतूद अशा तीन दारांतून जावं लागतं. पोलिसांचीही दुखणी आहेत, आणि ती मोठी आहेत. पण ती या लेखाची नाहीत.

मामांनी मेनू ठरवला, बिल बापाच्या नावावर

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आयुक्तांना वाटलं म्हणून फायरमनचा स्तर सहावरून सातवर नेता येत नाही. वेतनश्रेणी शासनाच्या मान्यतेनं ठरते. नवं पद निर्माण करायचं तरी मंत्रालयाची परवानगी लागते. दलात किती फायरमन, किती चालक, किती तांडेल (म्हणजे फायरमनांचे म्होरके) असावेत याचा जो तक्ता असतो त्याला आकृतीबंध म्हणतात. तोही नगरविकास विभागानं मंजूर केल्याशिवाय चालत नाही. वेतन आयोग लागू करायचा तर आधी केंद्र ठरवणार, मग राज्य स्वीकारणार, मग राज्य महापालिकांना 'तुम्हीही लागू करा, मात्र खर्च तुमच्या उत्पन्नातून करा' असं कळवणार.

लग्नात जेवणाचा मेनू मुलीचे मामा ठरवतात, वाढायला गल्लीतली पोरं असतात आणि आचाऱ्याचं बिल मुलीच्या बापाच्या नावावर निघतं, तसा हा प्रकार. मामांचा हेतू वाईट नसतो. पण बासुंदी ठेवायची की श्रीखंड, हे ठरवताना त्यांच्या खिशाला चिमटा बसत नाही.

उलट बाजूनंही बघा. शासन असं का करतं? मोकळं सोडलं तर निवडणुकीच्या तोंडावर एखादी महापालिका वाटेल तशी पगारवाढ आणि भरती करून बसेल आणि पाच वर्षांनी कर्जात बुडून शासनाच्याच दारात येईल, ही भीती आहे. ती खोटी नाही. म्हणून एक लगाम घातलाय, ३५ टक्क्यांचा.

पगार, भत्ते, निवृत्तिवेतन या सगळ्याला मिळून आस्थापना खर्च म्हणतात. तो उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असेल तर नवी पदं भरायला हिरवा कंदील, वर गेला तर लाल. कागदावर शहाणपणाचं आहे. पण गणिताचा सापळा बघा. आस्थापना खर्च तसाच राहिला आणि उत्पन्न घटलं, तरी टक्केवारी वर जाते. म्हणजे एकही माणूस न वाढवता, एकालाही पगारवाढ न देता तुम्ही लाल दिव्यात अडकता. मग रिक्त पदं रिक्तच राहतात. रिक्त खुर्ची पैसे वाचवते, म्हणून ती भरायची घाई कुणालाच नसते. तिचं काम शेजारच्याच्या अंगावर पडतं. त्याची साप्ताहिक सुट्टी जाते, जादा पाळी होते, आणि जादा पाळीचा मोबदला हा पुढच्या भांडणाचा मुद्दा होतो.

किती माणसं लागतात याचे ढोबळ निकष केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीनं दिलेत. शहरात साधारण दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र. लोकसंख्या तीन लाखांपर्यंत असेल तर दर पन्नास हजारांना एक बंब, पुढं दर लाखाला एक. कोल्हापूरची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६. हिशेब तुम्हीच करा: सहा-सात केंद्रं, आठ-नऊ बंब, आणि प्रत्येक बंबावर चोवीस तास पुरेल एवढी माणसं. एका खुर्चीत चोवीस तास माणूस बसवायचा तर आठ तासांच्या तीन पाळ्या, वर सुट्ट्या, रजा, आजारपण. म्हणजे एका जागेला चार माणसं तरी हवीत. बंब मोजताना हे चौघं कुणी मोजत नाही.

म्हैस अनुदानात, वैरण खिशातून

"एवढा निधी येतो की, नवे बंब येतात, फोटो येतात पेपरात," असं कुणी म्हणेल. येतात, नक्की येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं देशभरातल्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना काढली. तिच्यातून गाड्या, शिड्या, केंद्रांच्या इमारती, प्रशिक्षणाच्या सोयी होतात. मासिक पगार नाही.

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन कप्पे असतात. एकदाच करून वस्तू उभी राहते तो भांडवली खर्च, आणि दर महिन्याला करावाच लागतो तो महसुली. आपल्याकडं हे समजावून सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. अनुदानात म्हैस मिळते, पण वैरण, पेंड, डॉक्टर आणि धार काढणारा रोजचा असतो, आणि त्याला अनुदान नाही. म्हैस दावणीला आली की गल्लीभर पेढे वाटतात. वैरणीचं बिल आलं की दार लावून घेतात.

मला यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. नव्या बंबाला हार घालताना व्यासपीठ भरलेलं असतं. तो बंब तीन पाळ्यांत चालवायला चालक किती, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला तर तो अपशकुनी ठरतो.

कोल्हापूरची झोळी लहान का

एकेकाळी महापालिकेची चूल जकातीवर पेटायची. नाक्यावर ट्रक थांबला की रोख पैसे, रोजच्या रोज. मग जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दंड थोपटले, तोही गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिकांना राज्याकडून दर महिन्याला नुकसानभरपाई सुरू झाली. कमावता माणूस घरात बसून दुसऱ्यानं पाठवलेल्या मनीऑर्डरीवर जगायला लागला, असं हे स्थित्यंतर. मनीऑर्डर येते, पण किती यायची ते पाठवणारा ठरवतो.

बाकी उरला घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांचं शुल्क, गाळ्यांची भाडी. आणि इथं कोल्हापूरचं जुनं दुखणं येतं, हद्दवाढ. १५ डिसेंबर १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द तसूभर वाढली नाही अशी पन्नास वर्षं गेली. शहर कधीच हद्द ओलांडून पसरलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर आहेत, त्यांचा कर महापालिकेला नाही. आसपासच्या गावांनाही त्यांची बाजू आहे. शहरात येऊन कर वाढेल, सुविधा मिळतील की नाही देव जाणे, हा त्यांचा संशय अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. पण आग हद्द बघून लागत नाही. मोठी वर्दी आली की शहराचा बंब हद्दीबाहेर जातोच. वर्दी म्हणजे या खात्याच्या भाषेत आगीची किंवा अपघाताची खबर.

पुराचं वेगळंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली. अशा दिवसांत अग्निशमन दलाचा माणूस आग विझवत नसतो, बोटीत असतो. घरी पाणी शिरलंय की नाही हे त्याला फोनवरून कळतं.

'फरक' म्हणजे काय, आणि तो फुगतो कसा

वेतनाच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो, फरक. वेतनवाढ मागच्या तारखेपासून लागू झाली पण हातात नंतर आली, तर मधल्या महिन्यांची जी बाकी राहते तो फरक. थकबाकीच म्हणा.

आकडे मी मानतोय, ते कोल्हापूरचे नाहीत. दलात २०० जवान आहेत, प्रत्येकाची वाढ महिना ५,००० रुपये, आणि निर्णय व्हायला ४० महिने लागले. एका जवानाचा फरक दोन लाख. दोनशे जणांचे चार कोटी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात चार कोटी म्हणजे आभाळ कोसळत नाही. मग देऊन का टाकत नाहीत?

कारण फायरमन एकटा नाही. त्याच तारखेपासून तोच वेतन आयोग पाणीपुरवठ्याच्या फिटरला, सफाई कामगाराला, कारकुनाला, नर्सला लागू होतो. एकाला दिलं की दुसऱ्या दिवशी बाकीचे महापालिका चौकात बसणार, आणि त्यांचंही चुकत नाही. समजा सगळे मिळून ३,००० कर्मचारी. तर तोच हिशेब साठ कोटींवर जातो. मग प्रशासन काय करतं? थांबतं. थांबण्याचा प्रत्येक महिना रक्कम वाढवतो, रक्कम वाढली की देणं आणखी अवघड होतं, म्हणून आणखी थांबतं. भिशीचा हप्ता चुकवणाऱ्याचं जे होतं ते इथं होतं.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनंही एक चूक वारंवार होते, ती सांगायला हवी. 'सगळा फरक एकरकमी' ही मागणी सभेत टाळ्या घेते, पण पुरी होत नाही. राज्य सरकारनंही आपल्या कर्मचाऱ्यांना सातव्या आयोगाचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत दिला. जिथं हप्त्यांच्या तारखा लेखी घेतल्या जातात, तिथं पैसे पदरात पडायची शक्यता जास्त.

"आग रोज थोडीच लागते? बसूनच तर असतात"

हा आक्षेप मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलाय. कोल्हापुरात तरी तो यायला नको होता, कारण इथं तालमी आहेत. पैलवान वर्षभर पहाटे उठतो, जोर-बैठका काढतो, दूध-बदामाचा खुराक खातो. खासबागेत त्याची कुस्ती होते दहा मिनिटांची. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, दहा मिनिटांच्या कामाला वर्षभर खुराक कशाला?

फायरमनचा पगार आग विझवण्याचा नाहीच. तयार राहण्याचा आहे. वर्दी आली की मिनिटाच्या आत गाडी बाहेर पडली पाहिजे, यासाठी चोवीस तास कुणीतरी बूट काढून न ठेवता बसावं लागतं. तो माणूस 'रिकामा' दिसतो तेव्हाच शहर सुरक्षित असतं.

शिवाय तो तितका रिकामाही नसतो. विहिरीत पडलेली गाय, मांज्यात अडकलेली घार, पावसात रस्त्यावर आडवं झालेलं झाड, लिफ्टमध्ये अडकलेली म्हातारी, पंचगंगेतला मृतदेह, विसर्जनाला इराणी खणीवरचा बंदोबस्त. यातलं काहीही 'आग' या सदरात मोडत नाही. जोखमीचं म्हणाल, तर १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सप्ताहात भाषणं होतात, प्रात्यक्षिकं होतात. धोका भत्ता मात्र बहुतेक ठिकाणी मागणीपत्रातच असतो.

"मग संपावर बंदीच घाला की!"

आगीच्या वेळी बंब संपावर, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. म्हणून हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं.

पोलिसांना तसा अधिकार नाहीच. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानं पोलिसांच्या कामगार संघटनांवर बंधनं आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं तेव्हा सरकारनं त्यांच्या संघटनेची मान्यता काढली आणि रस्त्यावर लष्कर उतरवलं. अग्निशमन दलाची गोष्ट वेगळी, आणि तिचा धागा नागपूरला जातो. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्या वादात १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेची बहुतेक खाती कामगार कायद्याच्या अर्थानं 'उद्योग' ठरवली, त्यात अग्निशमन खातंही होतं. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराला वाद घालायचा, संघटना करायचा, कामगार न्यायालयात जायचा जो हक्क, तो फायरमनलाही.

पण हक्काला कुंपण आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं अग्निशमनाला लोकोपयोगी सेवा जाहीर करता येणाऱ्या यादीत घातलं. अशा सेवेत सकाळी उठून संप करता येत नाही. नोटीस द्यावी लागते आणि निदान १४ दिवस थांबावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेनं हाच नोटिशीचा नियम सगळ्याच आस्थापनांना लावला. वर राज्याकडे मेस्मा आहे, अत्यावश्यक सेवेतला संप बेकायदा ठरवून अटकेपर्यंत जाता येईल असा कायदा.

म्हणून प्रत्यक्षात बंब सहसा थांबत नाही. आधी निवेदन, मग द्वारसभा, मग काळ्या फिती, मग सुट्टीच्या दिवशी धरणं, मग संपाची नोटीस, मग 'सकारात्मक चर्चा', मग आश्वासन. सहा महिन्यांनी पुन्हा निवेदन. काळी फीत लावलेला फायरमनही वर्दी आली की गाडीत चढतो. याचाच फायदा समोरचा घेतो, असं माझं मत. जो थांबणारच नाही हे माहीत आहे, त्याच्याशी वाटाघाटीची घाई कुणाला?

बाहेरच्या देशांनी यावर वेगवेगळे उपाय करून पाहिलेत. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९७७ मध्ये अग्निशमन कर्मचारी ३० टक्के वाढीसाठी खरोखर संपावर गेले, नऊ आठवडे. लष्करानं जुन्या हिरव्या गाड्या काढून आगी विझवल्या. मागितलेली वाढ काही मिळाली नाही, पण एक सूत्र मिळालं: यापुढं त्यांचा पगार चांगला कमावणाऱ्या कामगारांच्या पगाराशी आपोआप जोडलेला राहील. पुढची पंचवीस वर्षं तिथं देशव्यापी संप झाला नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९६८ मध्ये दुसरी वाट धरली. पोलीस आणि अग्निशमन यांना संपाची बंदी, पण बदल्यात लवाद. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस आणि तिसरा तटस्थ. तिघं ठरवतील ते शहरालाही मान्य करावं लागतं. संप काढून घेतला तर त्याच्या जागी काहीतरी द्यायला हवं, एवढी समज या कायद्यात आहे. आपल्याकडं मेस्मा आहे, त्याच्या जोडीला असा लवाद नाही.

आणि दुसरं टोकही बघून ठेवा. कॅलिफोर्नियातल्या व्हालेयो शहरानं मे २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच्या सर्वसाधारण निधीतला जवळपास तीन चतुर्थांश पैसा पोलीस आणि अग्निशमन यांच्या पगार-पेन्शनच्या करारांत जात होता. घरांच्या किमती कोसळल्या, कर आटला, करार मात्र तसेच राहिले. मंत्रालयातल्या लगामाची बाजू मी वर मांडली ती यासाठी.

'पैसे नाहीत' ही सबब चालते का?

थोडक्यात, अर्धवट चालते. १९८० साली मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केलं की कायद्यानं सोपवलेलं काम निधी नाही म्हणून टाळता येत नाही. तो खटला गटारांचा होता, पगाराचा नव्हता. पण बंधनकारक कामाबाबतचं सूत्र तेच. मात्र पगार किती द्यावा हे ठरवताना न्यायालयं आणि लवाद मालकाची ऐपत बघतात. म्हणजे दल ठेवणार नाही असं महापालिका म्हणू शकत नाही. इतका पगार परवडत नाही असं म्हणू शकते.

एक बारकावा कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा. बैठकीचं इतिवृत्त आणि करार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात, झालेला करार किंवा निवाडा न पाळणं ही अनुचित प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध औद्योगिक न्यायालयात जाता येतं. इतिवृत्तात 'सकारात्मक विचार करण्यात येईल' असं लिहून घेतलं तर ते फक्त फ्रेम करून लावायच्या कामाचं. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तरी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं.

"ठेक्यानं माणसं घ्या, स्वस्तात पडतील"

घेतातही. आस्थापना खर्च वाढू नये म्हणून ठेकेदाराचं बिल वेगळ्या शीर्षाखाली दाखवता येतं, हा त्यातला खरा मोह. पण फायरमनचा पायाभूत अभ्यासक्रमच सहा महिन्यांचा आहे, आणि खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. शुक्रवार पेठेतल्या कुठल्या बोळात मोठा बंब शिरत नाही, कुठल्या चौकातून पाईप टाकला तर पोहोचतो, हे वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत फिरून कळतं. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला की हे ज्ञान गेलं. कायद्यानंही स्वस्ताई फार टिकत नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यालाही नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं हीही १९७१ च्या त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे.

"मग घरफाळा वाढवणार का?"

बऱ्याच शहरांत घरफाळ्याच्या बिलावर अग्निशमन कराची वेगळी ओळ असते. आपलं बिल काढून बघा. ती रक्कम महापालिकेच्या सामाईक निधीत जाते, फायरमनच्या पगाराच्या पाकिटात जात नाही, त्यामुळं ती वाढवली तरी त्याचा पगार वाढेलच असं नाही. घरफाळा थकवून ठेवणाऱ्यांनी मात्र 'बंब उशिरा का आला' हे जरा हळू आवाजात विचारावं.

माझ्या मते मार्ग दुसरा आहे. जे काम बंधनकारक केलं आणि ज्याची वेतनश्रेणी मंत्रालयात ठरते, त्या कामाच्या पगाराचा एक हिस्सा राज्यानं उचलावा आणि फायरमनचा स्तर पोलीस शिपायाच्या बरोबरीनं आणावा. मेनू ठरवणाऱ्या मामांनी निदान बासुंदीचे पैसे द्यावेत. यावर 'मग सफाई कामगारांचं काय' असा प्रश्न येईल. तो रास्त आहे, आणि त्यांच्या बाबतीतही माझं उत्तर फार वेगळं नाही.

हे सगळं आता पुन्हा उघडणार आहे. आठवा वेतन आयोग निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला, अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे अहवाल २०२७ च्या उन्हाळ्यात. मागच्या वेळी केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून लागू केलेली वाढ राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या हातात जानेवारी २०१९ पासून पडू लागली, तीन वर्षांनी. महापालिका या रांगेत राज्याच्या मागं उभी असते. आज फुलेवाडीच्या केंद्रात रात्रपाळीला बसलेल्या पंचविशीतल्या पोराला वाढीव पगाराची पहिली स्लिप कधी दिसेल, याचा हिशेब तो बोटांवर करतो. बोटं महिन्यांची नसतात, वर्षांची असतात.